सीपॅपचा मास्क अंगवळणी पाडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी परभणीचा, शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. झोपेत माझा श्वास अडायचा (या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात), म्हणून सहा वर्षांपासून रोज रात्री सीपॅप मशीनचा मास्क नाकावर लावून झोपतो. पहिला महिना मी तो लावण्यात कमी आणि काढण्यात जास्त घालवला. पुढे गल्लीत, नात्यात आणि नात्याच्या नात्यात इतक्या जणांकडे हे मशीन आलं की फोनवर तेच ते सांगून घसा बसायला लागला. म्हणून एकदाचं लिहून काढलं. मी डॉक्टर नाही. प्रेशर किती ठेवायचं, कोणती गोळी बंद करायची, हे मला विचारू नका. मास्क लावून झोप कशी येते, एवढंच सांगू शकतो.

हे ऑक्सिजनचं मशीन आहे का?

नाही. आमच्याकडे मशीन आलं तेव्हा "गुरुजींना ऑक्सिजन लागला म्हणे" अशी बातमी संध्याकाळपर्यंत दोन गल्ल्या ओलांडून गेली आणि दुसऱ्या दिवशी लोक शहाळी घेऊन भेटायला आले. कोरोनानंतर तोंडाला नळी दिसली की माणसं घाबरतात, त्यांचाही दोष नाही.

हे मशीन खोलीतलीच हवा फिल्टरमधून ओढतं आणि थोड्या दाबाने नाकात सोडतं. बस. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींचा घसा इतका सैल पडतो की भिंती एकमेकींना चिकटतात आणि श्वास अडतो. शेतात पाणी द्यायचा लपेटा पाइप पाहिलाय ना? आत पाण्याचा दाब असेल तर गोल उभा राहतो, मोटर बंद केली की चपटा पडतो. घशाचं तसंच आहे आणि सीपॅप ही त्या पाइपमागची मोटर.

श्वास 10 सेकंद किंवा त्याहून जास्त थांबला की तो एक अडथळा मोजतात. श्वास नुसता उथळ होऊन रक्तातला ऑक्सिजन घसरला तर तोही धरतात. तासाला असे 5 ते 15 अडथळे म्हणजे सौम्य आजार, 15 ते 30 मध्यम, 30 च्या पुढे तीव्र. माझा आकडा 41 होता. म्हणजे दर दीड मिनिटाला मेंदू मला हलवून उठवत होता आणि मी सकाळी सगळ्यांना सांगत होतो की झोप कशी मस्त लागली. "घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय" हे आपल्याकडचं सगळ्यात महागात पडणारं वाक्य आहे.

रिपोर्टवर प्रेशर 10 लिहिलंय. फार जास्त आहे का?

हा आकडा पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये असतो. तांब्यात पाणी घ्या, नळी 10 सेंटिमीटर, म्हणजे साधारण अर्धी वीत, खोल बुडवा आणि बुडबुडे काढा. तेवढाच जोर. घरगुती मशीन साधारण 4 ते 20 च्या दरम्यान चालतात. ज्याचा आकडा मोठा त्याचा आजार मोठा, असा सरळ हिशोब नसतो, त्यामुळे शेजारच्याशी तुलना करून उपयोग नाही. आणि आकडा स्वतः बदलू नका.

मास्क लावला की गुदमरल्यासारखं होतंय. काय करावं?

दहातले आठ फोन याच प्रश्नाचे. "गुरुजी, लई गुदमरायलंय हो, हे काही मला जमायचं नाही."

आधी हे समजून घ्या की मास्कमध्ये हवा कमी नसते, उलट जास्त असते. त्रास होतो तो श्वास सोडताना. समोरून वारा येत असताना सायकल चालवली की छाती कशी भरून येते, तसं. त्यासाठी मशीनमध्ये दोन सोयी असतात. एक रॅम्प: सुरुवातीला दाब अगदी कमी ठेवून तो हळूहळू वाढत जातो, तेवढ्यात तुम्हाला झोप लागते. दुसरी, श्वास सोडताना दाब थोडा उतरवणारी. या दोन्ही चालू आहेत का, हे मशीन देणाऱ्याला पहिल्याच दिवशी विचारा. मला तीन आठवडे कुणी सांगितलं नव्हतं.

आता मुख्य गोष्ट. रात्री अकरा वाजता, दमलेल्या अंगाने, अंधारात पहिल्यांदा मास्क चढवायचा आणि झोपेची वाट बघायची, असं बहुतेक जण करतात. पाचव्या मिनिटाला जीव घाबरा होतो, मास्क भिरकावला जातो आणि मेंदू धडा घेतो: मास्क म्हणजे धोका. दुसऱ्या रात्री नुसता तो बघूनच धडधडायला लागतं. मास्कची सवय झोपेत लागत नाही, ती जागेपणी लावून घ्यावी लागते. दिवसा, उजेडात, झोपायचं ओझं नसताना.

मी असं केलं. पहिल्या दिवशी मशीन चालू करून नळीचं तोंड फक्त तळहातावर धरलं, मग गालावर. नंतर मास्क पट्ट्यांशिवाय हाताने नाकावर धरून टीव्हीवर मॅच बघत बसलो. हात आपलाच असतो, वाटेल तेव्हा काढता येतो, म्हणून भीती कमी. ते कंटाळवाणं वाटायला लागल्यावर पट्टे लावले आणि पेपर वाचला. मग आडवा होऊन, पण जागाच. मग दुपारची डुलकी. रात्र सगळ्यात शेवटी. प्रत्येक पायरीवर कंटाळा येईपर्यंत थांबायचं. कंटाळा आला म्हणजे भीती गेली. कुणाला यात चार दिवस लागतात, कुणाला चार आठवडे. लाज वाटून घेऊ नका.

कोरोनात आयसीयूत राहून, तोंडाला घट्ट मास्क लावून परत आलेल्यांचं वेगळं आहे. जिंतूरकडच्या एक मावशी मास्क हातात घेतला की रडायच्या. घरचे म्हणायचे, नाटक करते. नाटक नव्हतं. त्या वॉर्डातले दिवस त्यांच्या अंगात बसले होते. त्यांनी पहिले आठ दिवस मास्क फक्त उशाशी ठेवला, धुतला, पुसला, नातीच्या बाहुलीला लावून पाहिला. नंतर मात्र रुळल्या. तुमच्या घरात असं कुणी असेल तर घाई करू नका आणि डॉक्टरांना ही गोष्ट मुद्दाम सांगा. भीती फारच असेल तर समुपदेशकाची मदत घेण्यात कमीपणा नाही.

झोपेत मी कधी काढून टाकतो, कळतच नाही. सकाळी मास्क पलंगाखाली असतो.

सुरुवातीला जवळपास सगळ्यांचं होतं. हात झोपेतच काम करून मोकळा होतो. जाग आली आणि मास्क नाही असं दिसलं की वैतागू नका, मुकाट्याने परत लावा. एकदाच लावा, पण लावा.

"निम्मी रात्र लावला, पुरे झालं" म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. स्वप्नं पडतात ती झोप पहाटेकडे जास्त असते. त्या झोपेत शरीराचे स्नायू सगळ्यात सैल असतात आणि बऱ्याच जणांचे अडथळे तेव्हाच वाढतात. मास्क दोन वाजता निघाला तर राखण नेमकी चोरीच्या वेळेला उठून गेली. डॉक्टर मंडळी रात्रीचे किमान 4 तास आणि 70 टक्के रात्री असा हिशोब धरतात. तो काठावर पास व्हायचा आकडा आहे, मेरिटचा नाही.

कोणता मास्क घ्यावा?

तीन तऱ्हा असतात. नाकपुड्यांना टेकणारा छोटा, पूर्ण नाक झाकणारा, आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा. तोंड उघडं टाकून झोपणाऱ्यांना किंवा नाक कायम चोंदलेलं असणाऱ्यांना तिसरा देतात. ज्यांना कोंडल्यासारखं होतं त्यांनी पहिला मागून बघावा, चष्मा लावून वाचताही येतं. कॅटलॉग बघून किंवा घरपोच मागवून मास्क घेऊ नका. दुकानात आडवं होऊन, मशीन चालू करून, कुशीवर वळून बघा. बसल्याजागी बरोबर बसणारा मास्क आडवं झाल्यावर गळतो, कारण गालाची चरबी जागा बदलते.

आपल्याकडच्या दोन-चार अडचणी पुस्तिकेत नसतात. दाढी असेल तर मोठ्या मास्कची कड बसत नाही. झुपकेदार मिशीवर नाकावरचा मास्क फुरफुरतो. मिशी काढायला सांगितलं तर मंडळी मशीनच परत करतील, म्हणून त्यांनी नाकपुड्यांचा मास्क आधी बघावा. बायकांनी नाकातली चमकी रात्री काढून ठेवावी, केसांचा बुचडा मागच्या पट्ट्याच्या वर किंवा खाली घ्यावा, नाहीतर पट्टा सरकत राहतो. मंगळसूत्र नळीत अडकतं. आणि झोपताना तोंडाला खोबरेल, व्हॅसलीन काही लावू नका. मास्क घसरतोही आणि त्याचं सिलिकॉनही लवकर खराब होतं.

पट्टे करकचून आवळले तरी हवा गळते.

आवळले म्हणूनच गळते. मास्कची कड हवेने फुगून चेहऱ्यावर बसते. आवळून तिला चपटं केलं की सुरकुती पडते आणि तिथून हवा निघते. डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर घागर कशी अलगद पण पक्की बसते, तसा मास्क बसला पाहिजे. पट्ट्याखाली दोन बोटं गेली पाहिजेत. मशीन चालू ठेवून, आडवं होऊन मास्क किंचित पुढे ओढा आणि हळूच सोडा. कड आपली जागा घेते. नाकाच्या दांडीवर वळ उठत असेल तर मऊ सुती कापडाचा तुकडा मध्ये घालता येतो. आमच्याकडे जुन्या लुगड्याचा आहे.

मास्कच्या पुढच्या बाजूला बारीक छिद्रं असतात, तिथून येणारा फुसफुस आवाज म्हणजे गळती नव्हे. आपण सोडलेला श्वास तिथून बाहेर जातो. ती छिद्रं कापसाने, चिकटपट्टीने कधीही बुजवू नका. एका भाऊजींनी आवाज नको म्हणून बुजवली होती. वेळेत लक्षात आलं.

सकाळी तोंड लाकडासारखं कोरडं पडतं. आणि टाकीत पाणी कोणतं घालायचं?

नाकाचा मास्क असताना तोंड उघडं राहिलं तर हवा तोंडातून पळते आणि सगळं कोरडं करते. नाक चोंदलेलं असलं की तोंड उघडणारच, म्हणून आधी नाकाचा इलाज करून घ्या. मिठाच्या पाण्याने नाक धुणं बऱ्याच जणांना मानवतं, पाणी मात्र उकळून गार केलेलंच. नाक मोकळं करणारे थेंब स्वतःच्या मनाने आठवडेच्या आठवडे वापरू नका, उलट जास्त चोंदतं. तरीही तोंड उघडंच राहत असेल तर हनुवटीचा पट्टा किंवा मोठा मास्क, हे डॉक्टरांना विचारून.

दुसरा उपाय म्हणजे मशीनची गरम पाण्याची टाकी, तिला ह्युमिडिफायर म्हणतात. मार्चनंतरच्या आपल्या कोरड्या हवेत तिच्याशिवाय घशाचा पापड होतो. पाणी डिस्टिल्ड, मेडिकलमधून आणलेलं. बोअरच्या पाण्याचं तर नावच नको. आपल्या भागात भांड्यांच्या बुडाला जो पांढरा थर बसतो तोच टाकीत बसतो. उकळल्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत. वीस लिटरच्या जारचं पाणी प्यायला ठीक, ते डिस्टिल्ड नव्हे. बॅटरीत घालायचं पाणी वापरू का, असं एकाने विचारलं. ते बॅटरीलाच राहू द्या. थर बसलाच तर एक वाटी व्हिनेगर, नऊ-दहा वाट्या पाणी, अर्धा तास ठेवून धुवा. रोज सकाळी उरलेलं पाणी फेकून टाकी पालथी घाला.

रात्री नळीत पाणी साचून गुडगुड आवाज येतो.

थंडीतलं दुखणं. गरम दमट हवा गार नळीत आली की तिचं पाणी होतं. मशीन उशीपेक्षा खालच्या स्टुलावर ठेवा म्हणजे पाणी तोंडाकडे न येता मागे जाईल, आणि नळी वाकळेखालून घ्या. टाकीची उष्णता एक घर कमी करून बघा. उन्हाळ्यात कूलरसमोर झोपणाऱ्यांनाही हा त्रास होतो, तेव्हा टाकी बंद केली तरी चालते. कूलरच तिचं काम करतो.

नळी अंगाखाली येते ही तक्रार असेल तर डोक्यामागच्या भिंतीला खिळा ठोकून तिथून लोंबती सोडा. मच्छरदाणीच्या दांडीलाही बांधता येते. नळी वरून आली की कुशीवर वळता येतं, आणि उताणं झोपण्यापेक्षा कुशीवर झोपलेलं बऱ्याच जणांना बरं.

लाईट गेली तर गुदमरून जीव जाईल का?

नाही. नाकाच्या मास्कमध्ये तोंड मोकळंच असतं. नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कमध्ये एक झडप असते, दाब थांबला की ती उघडते आणि बाहेरची हवा आत येते. बहुधा जाग येतेच आणि मास्क काढून बाजूला ठेवला की झालं. त्या रात्री घोराल, एवढंच.

पण रोजच लाईट जात असेल तर इन्व्हर्टर पाहिजे. टाकीचा हीटर बंद ठेवला तर मशीन छताच्या साध्या पंख्यापेक्षाही कमी वीज खातं. खरी वीज हीटरला आणि तापणाऱ्या नळीला लागते. म्हणून लाईट गेली की पहिल्यांदा हीटर बंद. इन्व्हर्टर साइन वेव्हचा घ्या, स्क्वेअर वेव्हच्या स्वस्त इन्व्हर्टरवर अडॅप्टर गरम होतात, गुणगुणतात. खेड्यात व्होल्टेज कमी-जास्त होतं, तिथे मध्ये स्टॅबिलायझर असलेला बरा.

शेतीची लाईट रात्रीची असते. पाणी द्यायला उठावं लागतं, मग कसं?

नुसतं लघवीला उठायचं असेल तर मास्क काढूच नका. बहुतेक मास्कना पुढे नळी वेगळी करायची खटकी असते. नळी काढा, मास्क चेहऱ्यावर ठेवूनच जाऊन या, आल्यावर परत जोडा. मोटर चालू करायला शेतावर जायचं असेल तर अर्थातच सगळं काढा, नाहीतर वाटेतली कुत्री सोडणार नाहीत. ज्या आठवड्यात रात्रपाळी, त्या आठवड्यात दिवसा जी झोप घ्याल ती मास्क लावून घ्या. श्वास दिवसाच्या झोपेतही अडतोच.

उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर झोपतो. मशीन वर नेलं तर चालेल?

रात्रीचं चालतं, वायर आणि पाण्याची नीट सोय करून. बऱ्याच मशीनच्या पुस्तिकेत भोवतालचं तापमान 35 अंशांपर्यंत असावं असं लिहिलेलं असतं, आणि पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात ते दुपारीच काय, रात्री दहालाही ओलांडतं. अशा खोलीपेक्षा गच्ची बरी. मशीन जमिनीवर न ठेवता स्टुलावर ठेवा, धूळ कमी ओढेल.

धुळीवरून आठवलं. सोयाबीनच्या मळणीचे दिवस असले, किंवा घराजवळ जिनिंग असली की पांढरा फिल्टर आठ-पंधरा दिवसांत करडा होतो. पुस्तिकेतली मुदत आपल्यासाठी नाही. महिन्यातून दोनदा काढून उजेडात धरा, काळपट दिसला की नवा घाला.

सकाळी पोट फुगलेलं असतं, ढेकर येतात.

हवा पोटात जाते. कुशीवर झोपा, रात्रीचं जेवण लवकर आणि हलकं करा. कमी झालं नाही तर डॉक्टरांना सांगा, दाबात किंवा सेटिंगमध्ये बदल करतात.

बायको म्हणते, आधी घोरण्याने झोप नव्हती, आता मशीनने नाही.

नव्या मशीनचा आवाज घोरण्याच्या पासंगालाही पुरत नाही. आवाज येतोय म्हणजे बहुधा गळती आहे. किंवा मास्कच्या छिद्रातली हवा थेट त्यांच्या तोंडावर जात असेल, तेव्हा बाजू बदला. आमच्या सौ. पहिले आठ दिवस उलट घाबरून जाग्या राहिल्या. तीस वर्षांत पहिल्यांदा खोलीत शांतता होती आणि हे जिवंत आहेत ना म्हणून त्या दर तासाला नाकाशी हात धरून बघत होत्या.

पाहुण्यांकडे, लग्नाला, वारीला कसं न्यायचं?

सरळ न्यायचं. लाजेपायी मशीन घरी ठेवून सासरी दोन रात्री घोरत पडणारे जावई मी पाहिलेत. सोबत लांब वायरचा बोर्ड ठेवा, कारण लग्नघरात प्लग कधीच उशाशी नसतो. टाकीतलं पाणी आधी ओता, हलत्या गाडीत ते मशीनमध्ये शिरलं तर मशीन गेलं. रेल्वेच्या डब्यातल्या सॉकेटच्या भरवशावर राहू नका, रात्री ते बंद असू शकतात. पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर चालत जायचं असेल तर मुक्कामाला वीज मिळेलच असं नाही, सीपॅपसाठीची वेगळी बॅटरी मिळते, ती घेऊन सामानाच्या गाडीत ठेवा.

स्वस्तात जुनं मशीन मिळतंय, घेऊ का?

मी घेणार नाही. आतला स्पंज, मोटर किती झिजलीय ते दिसत नाही. 2021 मध्ये एका मोठ्या कंपनीला आवाज दाबणाऱ्या आतल्या फोममुळे जगभरातून मशीन परत मागवावी लागली होती. असं एखादं जुन्या बाजारात फिरत आपल्यापर्यंत आलं तर कळणार कसं? त्यापेक्षा महिनाभर भाड्याने घेऊन बघा. मास्क मात्र नवाच, आणि स्वतःचा.

प्राणायाम केला, वजन उतरवलं, तर मशीन सुटेल का?

वजन उतरलं तर बऱ्याच जणांचे अडथळे कमी होतात, काहींचे मशीन सुटण्याइतके. पण ते परत तपासणी करून ठरवायचं, आरशात बघून नव्हे. बारीक माणसांनाही हा आजार असतो, जबड्याच्या ठेवणीमुळे. प्राणायाम जरूर करा, मन शांत होतं आणि मास्कची भीतीही कमी होते. मशीनच्या जागी मात्र तो चालत नाही, कारण झोपेत आपण प्राणायाम करत नसतो. रात्रीची दारू घशाचे स्नायू आणखी सैल करते. काही झोपेच्या गोळ्यांचंही तसंच, त्या घेत असाल तर डॉक्टरांना सांगा.

फायदा कधी कळेल?

लोक दुसऱ्याच दिवशी विशीतला उत्साह यायची वाट बघतात. माझ्या बाबतीत पहिली खूण वेगळीच होती: रात्री लघवीला चारदा उठायचो, ते एकदावर आलं. श्वास अडल्यावर छातीत ताण येतो, हृदयाला वाटतं अंगात पाणी जास्त झालंय आणि ते मूत्रपिंडाला कामाला लावतं. लोक साखर तपासतात, प्रोस्टेट तपासतात, घोरण्याकडे कुणी बघत नाही. दुसरी खूण, पहिल्या आठवड्यातली भरमसाठ, रंगीबेरंगी स्वप्नं. अडवून धरलेली झोप शरीर वसूल करतं. सकाळची डोकेदुखी नंतर गेली. दिवसाची पेंग जायला दीड महिना लागला. तोवर समृद्धीसारख्या सरळसोट रस्त्यावर स्वतः गाडी चालवू नका. डोळा लागायला तिथे वळणही आड येत नाही.

मशीन रोजचे तास, गळती आणि उरलेले अडथळे नोंदवतं. उरलेला आकडा 5 च्या आत आहे का, एवढं बघायला शिका आणि तपासणीला जाताना मशीनमधलं मेमरी कार्ड सोबत न्या.

दुपारी जेवून अर्धा तास पडतो, तेव्हाही लावायचा?

हो. आणि सोफ्यावर टीव्ही बघता बघता डोळा लागतो, तेव्हाही.